क्रोन्स आणि कोलायटिसचं दुखणं: गोळी घ्यायच्या आधी कुठलं दुखतंय ते ओळखा

मला क्रोन्स आहे, अकरा वर्षं झाली. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (इथे नुसतं कोलायटिस म्हणते) हे आतड्याला वरचेवर सूज आणणारे, वर्षानुवर्षं चालणारे आजार. पहिली चार-पाच वर्षं कुणी विचारलं की मी "पोट दुखतंय" एवढंच सांगायचे, घरच्यांनाही आणि डॉक्टरांनाही, आणि उपायही एकच, गोळी घे आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहा. कधी बरं वाटायचं, कधी अजिबात नाही, कधी उलट वाढायचं आणि का वाढलं ते कळायचं नाही. नंतर हळूहळू लक्षात आलं की हे एक दुखणं नाहीच, चार-पाच वेगवेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चक्क घातक ठरू शकतो. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे औषध कुठलं आणि किती हे तुमच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांना काय सांगायचं आणि घरी काय करायचं हे आपल्या हातात असतं.

आधी शब्द नीट वापरा

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा, मुरडा, कळ, ठणका, ठसठस, जळजळ, टोचणी. आपण ते सगळे सोडून डॉक्टरांसमोर "पेन होतंय" म्हणतो. तसं करू नका, कारण या प्रत्येक शब्दातून डॉक्टरांना काहीतरी कळतं.

मुरडा म्हणजे पोटात पीळ पडल्यासारखं होतं, घाईघाईने टॉयलेटला पळावं लागतं आणि जाऊन आल्यावर थोडा वेळ तरी उतार पडतो. आतड्याचं अस्तर सुजलेलं असलं की हे होतं, म्हणजे आजार बहुतेक जागा झालेला असतो. कोलायटिसमध्ये सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर पसरते, त्यामुळे मुरडा जास्त करून डावीकडे खाली जाणवतो आणि सोबत ती सतत जाऊन यावंसं वाटण्याची भावना असते, जाऊन बसलं तर काही होत नाही, नुसतं कुंथत बसायचं, थोडी आव नाहीतर रक्त पडतं आणि उठलं की परत तेच. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं ती त्याची आवडती जागा, म्हणून आमचं दुखणं बऱ्याचदा उजवीकडे खाली असतं आणि पहिल्यांदा सगळ्यांना अपेंडिक्सच वाटतं.

कळ वेगळी. ती लाटेसारखी येते, चढते, श्वास रोखायला लावते आणि ओसरते, दहा मिनिटांनी परत. जेवल्यानंतर थोड्या वेळाने ठरल्यासारखी कळ येत असेल, पोट फुगून गच्च होत असेल, आतून गडगड आवाज येत असतील, तर आतडं कुठेतरी अरुंद झालेलं असू शकतं. वर्षानुवर्षं सूज येऊन जाऊन तिथे व्रण राहतो आणि नळी बारीक होते, मग वरचा भाग जोर लावून अन्न पुढे ढकलायला बघतो, ती कळ म्हणजे तो जोर.

ठणका म्हणजे थांबतच नाही असं. गुदद्वाराच्या आसपास ठणका लागलाय, बसवत नाही, एक बाजू गरम आणि टणक लागतेय, अंगात कणकण आहे, तर आत पू झालेला असू शकतो. यावर घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. लाजेपायी लोक हे आठवडा आठवडा अंगावर काढतात, आणि पू झाला असेल तर तो सहसा काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही.

आणि सांधे. गुडघे, घोटे, सकाळी उठल्यावर आखडलेली कंबर, हे सगळं याच आजाराचं असू शकतं. डोळा लाल होऊन दुखणं, पायावर लालसर दुखऱ्या गाठी, तोंडात फोड हे पण. "पोटाच्या डॉक्टरला गुडघ्याचं काय सांगायचं" असं मला वाटायचं. सांगायचं. लाल डोळा दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा, थांबू नका.

तीन आठवडे वहीत लिहा

ॲप वापरा, फोनमध्ये लिहा, साधी वही घ्या, काहीही चालेल. माझी नोंद अशी असायची: "सोमवार. दुपारी अडीच. बेंबीच्या उजवीकडे. कळ, लाटेसारखी. १० पैकी ७. जेवून दीड तास झाला. फुगलंय. टॉयलेट नॉर्मल, रक्त नाही. चार वाजता उतरलं." एवढंच. निबंध लिहायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी कंटाळा येऊन बंद पडतं.

मी हे तीन आठवडे केलं आणि वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, एकदाही उपाशीपोटी दुखलेलं नाही आणि एकदाही जुलाब नाहीत. तोपर्यंत मी फ्लेअर आलाय, म्हणजे आजार पुन्हा उसळलाय, असंच धरून चालले होते. आतड्यांचा एमआरआय केला तर शेवटच्या भागात अरुंद झालेलं निघालं. त्या कळेला दोन वर्षं मी "पोट दुखतंय" म्हणत होते आणि जे सापडलं ते त्या "दीड तास" या दोन शब्दांमुळे.

त्यामुळे या गोष्टी लिहाच: जागा, प्रकार, आकडा, जेवणाशी संबंध, टॉयलेटशी संबंध, आणि रात्री झोपेतून जाग आली का. शेवटची फार महत्त्वाची, झोपेतून उठवणारं दुखणं डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. बायकांनी पाळीची तारीख पण लिहा, पाळीच्या आसपास बऱ्याच जणींचा त्रास वाढतो आणि ते फ्लेअरमध्ये मोजलं जातं.

पेनकिलरच्या बाबतीत चूक करू नका

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही जी सांधेदुखी, पाठदुखी, दातदुखीला सर्रास घेतली जाणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. शरीरात काही द्रव्यं सूज आणि वेदना निर्माण करतात, त्याच कुटुंबातली द्रव्यं पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराचं रक्षण पण करतात, आणि या गोळ्या दोन्ही एकदमच दाबतात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. माझी एकदा पाठ धरली होती, पाच दिवस आयब्युप्रोफेन घेतली, पाठ सुटली आणि दुसऱ्या आठवड्यात रक्त सुरू झालं. ती गोळी मी स्वतःच्या मनाने घेतली होती, आधीची उरलेली घरात होती म्हणून. घरात ठेवूच नका. पण हृदयासाठी रोजची कमी डोसची ॲस्पिरिन चालू असेल तर हे वाचून घाबरून ती बंद करू नका, तेही डॉक्टरांनाच विचारा.

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि वजन फार कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू होत असेल तर मर्यादा याच्याही खाली येते, ती विचारून घ्या. सर्दीच्या, अंगदुखीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल लपलेलं असतं, पाकिटावर वाचा, नाहीतर नकळत दुप्पट जातं. काही गोळ्यांत त्याच्यासोबत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पण असतं, म्हणून तर आणखी वाचा.

ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन या जातीची औषधं हॉस्पिटलमध्ये, ऑपरेशननंतर थोडे दिवस, ठीक. रोजच्या दुखण्याला नको. आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होतं, सवय लागते, आणि बराच काळ घेतली की काही जणांच्या बाबतीत औषधच दुखणं वाढवतं, माणूस आणखी गोळी घेतो, आणखी दुखतं, चक्रच सुरू होतं. कोलायटिसचा मोठा फ्लेअर चालू असताना ही औषधं आणि जुलाब थांबवणारी लोपेरामाइड स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे, मोठं आतडं फुग्यासारखं फुगून जीवावर बेतू शकतं.

मुरड्यावर डायसायक्लोमिन, मेबेव्हेरिन, हायोसिन अशी आतडं सैल करणारी औषधं देतात आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं. पण आतडं अरुंद असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आतला अडथळा तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं कमी झालं. म्हणूनच म्हटलं की आधी कुठलं दुखणं ते ओळखा.

स्टेरॉइड हे पेनकिलर नाही. प्रेडनिसोलोन घेतल्यावर दोन-चार दिवसांत दुखणं पळतं, म्हणून लोक पुढच्या वेळी जुनं प्रिस्क्रिप्शन काढून आपलं आपण सुरू करतात. नका करू. आणि चालू असेल तर एकदम बंद पण नका करू, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, हळूहळूच उतरवावं लागतं.

सूज असलेल्या दुखण्यावर खरा उपाय म्हणजे सूज उतरवणं, मेसालामीन, ॲझाथायोप्रिन, बायोलॉजिक्स (सूज आणणाऱ्या ठरावीक द्रव्यांना किंवा पेशींना अडवणारी, सहसा इंजेक्शनने द्यायची औषधं), जे तुम्हाला दिलंय ते नियमित घेणं. ॲझाथायोप्रिनला असर दाखवायला दोन-तीन महिने सहज लागतात, तेवढ्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे लोक मी पाहिलेत. आणि कोलायटिसवाल्यांनो, सूज फक्त खालच्या भागात असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) किंवा एनिमा (तिथूनच आत सोडायचं पातळ औषध) तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा जास्त काम करतो, कारण औषध थेट जागेवर पोचतं. नको वाटतं, मान्य आहे. रात्री झोपताना, डाव्या कुशीवर, टॉयलेटला जाऊन आल्यावर घ्या. त्या सारख्या कुंथण्यापासून सुटका होते, ते शब्दांत सांगता येणार नाही इतकं बरं वाटतं.

रिपोर्ट नॉर्मल आणि तरी दुखतंय

यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण यात माणूस एकटा पडतो. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) चांगली, रक्त चांगलं, स्टूलमधलं कॅल्प्रोटेक्टिन पण खाली, आणि तुम्ही रात्री दोन वाजता बाथरूमच्या फरशीवर बसलेले. मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका." मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले, कारण दुखत तर होतं.

कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन, आतड्यात सूज असली की स्टूलमध्ये वाढतं. साधारण ५० च्या (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) खाली असेल तर सूज नसण्याची शक्यता जास्त, २५० च्या वर गेलं तर आजार जागा असण्याची शक्यता जास्त, मधलं असेल तर काही आठवड्यांनी परत बघतात. ते खाली आहे म्हणजे तुमच्या दुखण्याचं कारण बहुधा सूज नाही, एवढंच. तुमचं दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं आहे आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. महिनोन्महिने सूज राहिली की त्या नसा हळव्या होतात, मग सूज गेली तरी साधा गॅस पुढे सरकला तरी त्या तो निरोप दुखणं म्हणून पाठवतात. यावर उपाय आहेत. ॲमिट्रिप्टिलीनसारखी डिप्रेशनची औषधं अगदी कमी डोसमध्ये देतात, ती इथे नसा शांत करायला असतात, नाव वाचून "मला वेडं ठरवलं" असं वाटून घेऊ नका. असर यायला काही आठवडे लागतात आणि झोप येते म्हणून रात्री देतात. वेदनेसाठीचं कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचं काउन्सेलिंग, पोटासाठी केलेली हिप्नोथेरपी यांचाही काही जणांना उपयोग होतो. लो-फॉडमॅप आहार (आतड्यात नीट न शोषली जाणारी, गॅस करणारी काही कर्बोदकं कमी केलेला) पण अशा वेळी मदत करतो, पण तो आहारतज्ज्ञासोबतच करा, काही आठवडे बंद आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा. लोक बंद करतात आणि परत आणतच नाहीत, आधीच वजन कमी, त्यात आणखी उपासमार.

पण सगळं नसांवर ढकलायच्या आधी डॉक्टरांना हे विचारा: ऑपरेशन झालेलं असेल तर आत आतडी एकमेकांना चिकटलीत का, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर पित्ताची आम्लं शोषली न गेल्यामुळे जुलाब आणि मुरडा होतोय का (त्याला वेगळं औषध आहे), लहान आतड्यात जंतू वाढलेत का, पित्ताशयात किंवा किडनीत खडे आहेत का, क्रोन्समध्ये दोन्ही जास्त होतात. आणि बद्धकोष्ठ, हो, कोलायटिसमध्ये सुद्धा. खालच्या भागात सूज असली की वर उजवीकडे मळ साचून राहतो, खाली रक्त-आव आणि वर गच्च पोट, आपण म्हणतो जुलाब आहेत आणि खरं तर कोठा साफ झालेलाच नसतो.

दुखायला लागलंय, आत्ता काय करू

गरम पिशवी घ्या, पण कापडात गुंडाळून आणि वीस मिनिटांनी काढून. मी एका फ्लेअरमध्ये पिशवी रात्रभर पोटावर ठेवून झोपायचे, महिन्याभराने पोटावर तपकिरी जाळी उमटली, मासे पकडायच्या जाळ्यासारखी अगदी. आधी वाटलं आजारच कातडीवर आला. ते रोजच्या उष्णतेने होतं, जायला खूप महिने लागले.

श्वास. मला आधी राग यायचा कुणी श्वास घ्या म्हटलं की. पण दुखताना आपण पोट आवळून धरतो, खांदे वर, श्वास छातीतच, आणि त्याने आणखी दुखतं. एक हात पोटावर ठेवा, चार मोजेपर्यंत नाकाने आत घ्या, हात वर उचलला गेला पाहिजे, आणि सहा मोजेपर्यंत सोडा. दहा मिनिटं. कळ थांबत नाही, पण तिच्या पुढची भीती कमी होते आणि ७ चा ५ होतो. बरं असताना रोज करून ठेवा, ऐन कळेत पहिल्यांदा शिकता येत नाही.

कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी घेऊन बघा. टॉयलेटवर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की कुंथावं कमी लागतं. खालची कातडी सोलवटली असेल तर पुसू नका, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा, टबमध्ये कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसा. जुलाब जास्त असतील तर पायात गोळे येतात, मीठ-पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएस घ्या.

खाणं थोडं थोडं, पाच-सहा वेळा. अरुंद आतडंवाल्यांनी सालं, बिया, कच्च्या रेषेदार भाज्या टाळा आणि बारीक चावा. बाकीच्यांनी विनाकारण सगळं सोडत बसू नका. सिगारेट मात्र सोडा, क्रोन्समध्ये ती फ्लेअर आणि ऑपरेशन दोन्हीची शक्यता वाढवते.

झोप गेली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, त्यामुळे रात्रीचं दुखणं "सहन करता येतं" म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.

कधी थांबायचं नाही

कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि गॅस पण सरत नाहीये. पोट लाकडासारखं कडक झालंय, हात लावू देत नाही. दुखण्यासोबत ताप. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि वर ताप किंवा धडधड. शौचातून रक्ताच्या गाठी, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी. एक पाय सुजून दुखतोय किंवा अचानक दम लागतोय, कारण या आजारात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता जास्त असते, फ्लेअरमध्ये तर आणखी. यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. स्टेरॉइड चालू असलेल्यांनी जास्त सावध राहा, ते ताप आणि दुखणं दोन्ही झाकतं, आत मोठं काही झालं तरी बाहेर थोडंच दिसतं.

घरच्यांना एक सांगणं आहे. "आता कसं वाटतंय" दर दहा मिनिटांनी विचारू नका, उत्तर द्यायला पण ताकद लागते. माझ्या घरी आम्ही आकडा ठरवलाय, मी नुसतं "सहा" म्हणते आणि त्यांना कळतं की जेवणाचं विचारायचं नाही, पिशवी गरम करून द्यायची आणि दिवा मालवायचा. "आठ" म्हटलं की गाडीची किल्ली.

त्या किल्लीशेजारी एक कागद ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये. आजाराचं नाव, कुठल्या भागात आहे, चालू औषधं डोससकट, स्टेरॉइड कधीपासून, झालेली ऑपरेशन्स, शेवटची स्कोपी कधी, ॲलर्जी, तुमच्या डॉक्टरांचा नंबर, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ नये. रात्री तीन वाजता इमर्जन्सीमध्ये वेगळेच डॉक्टर असतात, पोटदुखी म्हटली की कुणी पटकन ते इंजेक्शन लिहू शकतं, आणि तेव्हा बोलायच्या अवस्थेत आपण नसतो.